नळी बदलण्याआधी काडतूस ठरवा

“मामाजी, माह्या रायफलीची नळी गेली. नवी टाकाची हाये. कोणती टाकू?”

दिवाळी होऊन गेली होती. सोयाबीन विकून झालं होतं आणि पऱ्हाटीची पहिली वेचणी चालू होती. आर्वीकडचा एक पोरगा माझ्या ओसरीत येऊन बसला. रायफल त्याने आणली नव्हती, आणायचीही नसते. ती घरच्या कुलपातून थेट रेंजवर जाते आणि रेंजवरून थेट कुलपात. त्याच्या हातात निशाण्याच्या कागदांची गुंडाळी होती. दोन वर्षांपूर्वीच्या कागदावर पन्नास मीटरवरून झाडलेल्या दहा गोळ्यांची भोकं एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली जात होती. नव्या कागदावर तीच दहा भोकं लिंबाएवढी जागा व्यापून बसली होती.

त्याला नळीचं नाव हवं होतं. मी त्याला विचारलं, “काडतूस कोणतं? कोणत्या डब्यातलं? डब्यावरचा लॉट नंबर काय होता?” लॉट म्हणजे कारखान्यात एका खेपेत बनलेली काडतुसं. त्याच्याकडे उत्तर नव्हतं. हीच गोष्ट मी नव्या नेमबाजांत पुन्हा पुन्हा पाहतो, म्हणून इथे सविस्तर लिहितो. नळी आणि काडतूस या दोन वेगळ्या खरेद्या नाहीत. नळी ही एका ठरावीक गोळीसाठी कोरलेली वाट असते. वाटेने कोण जाणार हे ठरल्याशिवाय वाट कशी आखायची?

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, कारण आपल्या भागात रायफल म्हटलं की पुढचा प्रश्न रानडुक्कर आणि रोह्याचा, म्हणजे नीलगायीचा, येतो. मी इथे कागदावर नेम धरण्याच्या खेळाबद्दल लिहितो आहे. वावराची नासाडी किती होते हे मला माझ्याच धुऱ्यावर दिसतं, पण १९७२ च्या वन्यजीव कायद्याचा तो वेगळा विषय आहे. खेळासाठी मिळालेल्या परवान्याची बंदूक त्यासाठी बाहेर निघत नाही.

काडतूस म्हणजे काय, इथून सुरुवात करू. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारा प्राइमर, आत दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. घोडा दाबला की बोल्टमधली, म्हणजे नळी मागून बंद करणाऱ्या सरकत्या भागातली, पिन प्राइमरवर आपटते, ठिणगी पडते, दारू जळून वायू होतो आणि तो गोळीला नळीतून पुढे लोटतो. गोळी निघून जाते, पुंगळी मागे राहते. भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरच्या कारखान्यामुळे आपल्याकडे पुष्कळांना ‘प्रोपेलंट’ हा शब्द ऐकून माहीत आहे. तो म्हणजे हीच दारू. ती एकदम फुटत नाही, ठरलेल्या वेगाने जळते. तिचं जळणं आणि नळीची लांबी यांचा मेळ बसावा लागतो.

काडतुसांच्या दोन जाती आहेत. एका जातीत प्राइमरचा मसाला पुंगळीच्या काठात भरलेला असतो, तिला रिमफायर म्हणतात. दुसरीत प्राइमर बुडाच्या मधोमध वेगळा बसवलेला असतो, ती सेंटरफायर. एनसीसीत पालथं पडून ज्यांनी पाच गोळ्या झाडल्या असतील त्यांनी बहुधा .२२ ची, म्हणजे ‘पॉइंट टू-टू’ची रिमफायर झाडली असेल. तिचं पूर्ण नाव .२२ लाँग रायफल. हे काडतूस १८८७ साली अमेरिकेतल्या स्टीव्हन्स कंपनीने आणलं आणि आजही ऑलिंपिकच्या पन्नास मीटर रायफलीत तेच चालतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये, म्हणजे तीन आसनांच्या प्रकारात, कांस्य मिळवलं, ते याच काडतुसावर.

तीन अंतरं, तीन वेगळे हिशेब

काडतूस निवडताना पहिला प्रश्न अंतराचा. तुमच्या आवाक्यातली रेंज किती मीटरची आहे? ज्या अंतरावर वर्षातून एकदाच झाडायला मिळणार आहे त्यासाठी रायफल घेऊ नका.

दहा मीटर असेल तर विषय हवेच्या रायफलीचा आहे. तिथे काडतूस नाही, ४.५ मिलिमीटरचा शिशाचा छर्रा असतो. वजन सुमारे अर्धा ग्रॅम, वेग सेकंदाला १७५ मीटरच्या आसपास, ऊर्जा आठेक ज्यूल. २० ज्यूलच्या आणि ४.५ मिलिमीटरच्या आत असलेल्या हवेच्या बंदुकीला आपल्याकडे शस्त्र परवाना लागत नाही, म्हणून खेड्यातल्या पोराने इथूनच सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. अभिनव बिंद्राचं २००८ चं सुवर्णपदक याच प्रकारातलं. या रायफलीची नळी माणूस सहसा झिजवू शकत नाही. निवड फक्त छऱ्याच्या डोक्याच्या मापाची असते: ४.४९, ४.५० की ४.५१. प्रत्येकाचे थोडे छर्रे आणून आपल्या नळीला कोणता मानवतो ते कागदावर पाहायचं.

पन्नास मीटरला .२२ रिमफायर. सुमारे २.६ ग्रॅमची शिशाची गोळी, वेग सेकंदाला ३३० मीटर, ऊर्जा १४० ज्यूलच्या घरात. निशाण्यावरच्या दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो, म्हणजे मोठ्या काबुली हरभऱ्याएवढा. विदर्भातल्या बहुतेक हौशी नेमबाजाचं सगळं आयुष्य या एका काडतुसात आनंदाने जाऊ शकतं. माझं गेलं आहे.

त्यापुढे शंभर ते तीनशे मीटरला सेंटरफायर. जगभर निशाणेबाजीत .२२३ रेमिंग्टन, ६ मिलिमीटर बीआर नॉर्मा, ६.५ क्रीडमोर आणि .३०८ विंचेस्टर ही नावं घेतली जातात. .३०८ ची ऊर्जा साडेतीन हजार ज्यूलच्या आसपास, म्हणजे .२२ च्या पंचवीसपट. तेवढाच मोठा तिचा धक्का खांद्याला, खर्च खिशाला आणि जबाबदारी डोक्याला. गोळीमागे सुरक्षित मातीचा बांध आणि अधिकृत रेंज असल्याशिवाय तिचा विचारही करू नये.

दुसरा प्रश्न उपलब्धतेचा, आणि खेड्यात तो पहिल्याएवढाच मोठा आहे. पाश्चात्त्य देशांत सेंटरफायरचे नेमबाज पुंगळ्या पुन्हा भरून घरीच काडतूस बनवतात. आपल्याकडे काडतूस बनवायला शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार निर्मितीचा परवाना लागतो, त्यामुळे आपण कारखान्यातून येईल त्यावरच अवलंबून. शिवाय काही मापं ‘निषिद्ध बोअर’ या वर्गात मोडतात आणि ती सामान्य परवान्यावर मिळत नाहीत. म्हणून परदेशी चित्रफीत पाहून कॅलिबर, म्हणजे भोकाचं माप, ठरवू नका. जिल्ह्याच्या शस्त्र परवाना शाखेत विचारा, मग परवानाधारक विक्रेत्याला विचारा की हे काडतूस गेल्या वर्षभरात त्याच्याकडे किती वेळा आलं. उत्तर ‘एकदाच’ असेल तर ते काडतूस कितीही गुणाचं असलं तरी तुमच्या कामाचं नाही. बियाणं तालुक्याला मिळतच नसेल तर त्या वाणाचं कौतुक करून पेरणी होत नाही.

वेगवान गोळी वाऱ्याने जास्त का सरकते

.२२ घेणाऱ्याला दुकानात दोन प्रकारचे डबे दिसतात. एक ‘स्टँडर्ड’ वेगाचा, सुमारे ३३० मीटर. दुसरा ‘हाय व्हेलॉसिटी’, ३८० मीटरच्या घरात. नवा माणूस दुसरा उचलतो, कारण जोरात जाणारी गोळी सरळ जाईल असं कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात पन्नास मीटरवर आडवा वारा वेगवान गोळीला जास्त सरकवतो.

कारण असं. वारा गोळीला किती ढकलेल हे ती हवेत किती वेळ आहे यावर ठरत नाही, हवेने तिला किती उशीर करवला यावर ठरतं. हवा नसतीच तर गोळी जेवढ्या वेळात पोचली असती आणि प्रत्यक्षात जेवढा वेळ लागला, त्या दोन वेळांतला फरक म्हणजे हा उशीर. आवाजाच्या वेगाच्या वर जाणाऱ्या गोळीसमोर हवा दाबली जाऊन मोठा अडसर तयार होतो आणि गोळीचा वेग झपाट्याने पडतो. आवाजाच्या वेगाच्या थोडं खाली चालणारी गोळी तो अडसर टाळते, म्हणून तिचा उशीर कमी. शिवाय वेगवान गोळी वाटेत आवाजाचा वेग ओलांडून खाली येते तेव्हा तिला हादरेही बसतात. म्हणूनच स्पर्धेची सगळी चांगली .२२ काडतुसं मुद्दाम मंद ठेवलेली असतात. तरीही ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा मंद गोळीलाही पन्नास मीटरवर सुमारे तीन सेंटिमीटर सरकवतो. शेजारच्या वावरातल्या तुरीचे शेंडे हलताना पाहायची सवय आपल्याला लहानपणापासून आहे. ती रेंजवर फार उपयोगी पडते.

आता यात आपल्या हवामानाची भर. आवाजाचा वेग तापमानावर बदलतो. जानेवारीच्या पहाटे १० अंशाला तो सेकंदाला सुमारे ३३७ मीटर, मे महिन्याच्या ४५ अंशाला ३५७ मीटर. म्हणजे ३३० च्या गोळीला उन्हाळ्यात २७ मीटरची मोकळीक आहे, हिवाळ्यात फक्त ७ मीटरची. डब्यातली सगळी काडतुसं अगदी एका वेगाची नसतात. थंडीत दारू थोडी मंद जळते हे खरं, तरी त्यातलं एखादं काडतूस त्या रेषेला भिडतं आणि ते भोक बाकीच्यांपासून दूर पडतं. उलट उन्हाळ्यात हवा दहा-अकरा टक्के विरळ असते, गोळी किंचित वर लागते आणि गोळीवरचं मेण मऊ होऊन तळहाताला चिकटतं. माझ्याकडे वर्ध्याच्या हिवाळ्याच्या आणि उन्हाळ्याच्या वेगळ्या नोंदी आहेत. काडतुसाचा डबा मोटरसायकलच्या डिकीत किंवा गाडीच्या काचेखाली कधीच ठेवू नका. सावलीत, कापडात गुंडाळून ठेवा.

भोवरा आणि पीळ

आता नळीकडे वळू. रायफलीच्या नळीत आतून पिळदार खाचा असतात. गोळी या खाचांत घट्ट बसून पुढे सरकते आणि सरकताना स्वतःभोवती फिरू लागते. फिरण्याचं काम काय ते भोवरा खेळलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. फिरतो तोवर उभा, थांबला की आडवा. गोळीही फिरली नाही तर हवेत कोलांट्या खाते.

ठेंगणा, रुंद भोवरा हळू फिरवला तरी उभा राहतो. उंच, सडपातळ भोवऱ्याला जोरात दोरी ओढावी लागते. गोळीचंही तसंच: गोळी जाडीच्या मानाने जितकी लांब, तितका घट्ट पीळ हवा. पीळ मोजतात तो असा, की गोळीचा एक पूर्ण फेरा व्हायला नळीचे किती इंच लागतात. ‘१६ ला १’ म्हणजे सोळा इंचांत एक फेरा, हा सैल पीळ. ‘८ ला १’ हा घट्ट.

याचं गणित १८७९ साली ग्रीनहिल नावाच्या ब्रिटिश गणितज्ञाने सोपं करून ठेवलं. गोळीच्या व्यासाचा वर्ग करा, त्याला १५० ने गुणा, गोळीच्या लांबीने भागा. .२२ ची गोळी सुमारे ५.६६ मिलिमीटर जाड आणि साडेअकरा मिलिमीटर लांब. उत्तर येतं सुमारे ४१८ मिलिमीटर, म्हणजे जवळपास सोळा इंच. आणि जगातल्या .२२ लाँग रायफलच्या बहुतेक नळ्या १६ ला १ च असतात. .३०८ ची १७५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) लांब गोळी घ्या: जाडी ७.८२, लांबी साडेएकतीस. उत्तर सुमारे २९१ मिलिमीटर, म्हणजे साडेअकरा इंच, म्हणून तिला ११ ला १ किंवा १० ला १ ची नळी देतात. हे गणित मी पहिल्यांदा वहीत मांडलं तेव्हा झालेला आनंद अजून आठवतो. एवढी बारीक वाटणारी गोष्ट तीन आकड्यांत बसते.

.२२३ मध्ये हा प्रश्न जास्त टोकदार होतो, कारण एकाच पुंगळीत ५५ ग्रेनपासून ८० ग्रेनपर्यंतच्या गोळ्या येतात. हलक्या आखूड गोळीला १२ ला १ पुरतो, ७७ ग्रेनला ८ ला १ लागतो, ८० ला ७ ला १ घेतात. १२ ला १ ची नळी बसवून लांब गोळी झाडली तर कागदावर गोल भोकाऐवजी किल्लीच्या खाचेसारखी आडवी फाट दिसते, म्हणजे गोळी आडवी होऊन लागली. नळी नवी, महाग, निर्दोष. फक्त तिला दिलेली गोळी तिची नव्हे. म्हणूनच क्रम असा ठेवा: अंतर, मग मिळणारं काडतूस, मग त्यातली गोळी, मग पीळ.

जुन्या नळीचा पीळ माहीत नसेल तर तो मोजता येतो. रायफल रिकामी आहे हे दोनदा पाहून, बोल्ट काढून, साफ करायच्या फिरत्या दांडीला घट्ट कापड लावा, दांडीवर खूण करा आणि हळू आत ढकला. खूण एक पूर्ण फेरा घेऊन परत वर येईपर्यंत दांडी किती आत गेली, तो पीळ.

नळी नेमकी कुठे मरते

नळी झिजते म्हणजे सगळीकडून सारखी झिजत नाही. चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, आणि तिच्या लगेच पुढचे दोन-तीन इंच हे तिचं मर्मस्थान. चेंबरच्या पुढच्या या भागाला घसा म्हणतात. जळत्या दारूची सगळी आग आणि सगळा दाब तिथे लागतो. बोअरस्कोप नावाच्या बारीक कॅमेऱ्याने जुन्या सेंटरफायर नळीचा घसा पाहिला की मला आपली काळी माती दिसते. एप्रिल-मेमध्ये वावराला पडतात तशाच भेगांचं जाळं पोलादावर पडलेलं असतं. क्षणात तापणं, क्षणात निवणं, हजारो वेळा. भेगांच्या कडा हळूहळू निघून जातात, खाचांचं टोक पुढे सरकतं आणि गोळीला सुरुवातीलाच आधार राहत नाही.

किती गोळ्यांनी हे होईल? ते दारू किती आणि भोक केवढं यावर आहे. .३०८ मध्ये पावणेतीन ग्रॅमच्या आसपास दारू पावणेआठ मिलिमीटरच्या भोकातून जाते, म्हणून ती साधारण पाच हजार गोळ्यांपर्यंत चांगला नेम देते. .२४३ विंचेस्टर या दुसऱ्या सेंटरफायर काडतुसात जवळपास तेवढीच दारू सहा मिलिमीटरच्या भोकातून कोंबली जाते. मोठ्या मोटारीचं पाणी बारीक पाइपातून सोडल्यासारखं होतं ते, आणि नळी दीड-दोन हजारांतच थकते. सहा मिलिमीटर बीआरचं भोक तेवढंच, पण दारू दोन ग्रॅमच्या आत, म्हणून ती त्याहून जास्त टिकते आणि धक्काही सौम्य. मला सेंटरफायर निवडायची झाली असती आणि काडतूस मिळण्याची हमी असती, तर मी हीच निवडली असती. .२२ रिमफायरमध्ये दारू एका ग्रॅमच्या दहाव्या हिश्शाच्याही आत. तिची नळी नीट वापरली तर हजारोंनी नाही, दहा हजारांच्या पटीत गोळ्या झाडते.

म्हणूनच “.२२ ची नळी गेली” असं कोणी म्हणालं की मी लगेच विश्वास ठेवत नाही.

यात मी स्वतः एक अख्खा हंगाम घालवला आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी माझा नेम अचानक पसरू लागला. रायफल जुनी, नळी जुनी, मी ठरवून टाकलं की नळी गेली. कर्जाने का होईना नवी घ्यायची म्हणून पैसे जमवायला लागलो. योगायोगाने एका ज्येष्ठ नेमबाजाने मला त्याचा अर्धा डबा दिला. कंपनी तीच, नाव तेच, लॉट वेगळा. पहिल्या दहा गोळ्या जुन्यासारख्या एकत्र लागल्या. दोष नळीत नव्हता, मी मधल्या काळात घेतलेल्या लॉटशी तिचं जमत नव्हतं. त्या दिवसापासून माझ्या वहीत प्रत्येक कागदासोबत लॉट नंबर असतो.

तेव्हा नळीवर ठपका ठेवण्याआधी हे पाहा. दस्ता आणि रायफल जोडणारे स्क्रू सारख्या ताकदीने कसलेले आहेत का. दुर्बीण किंवा साइट, म्हणजे नेम धरायची खूण, हलते का. नळीचं तोंड, ज्याला क्राउन म्हणतात, त्याच्या काठाला ओरखडा आहे का. गोळीला शेवटचा स्पर्श तिथेच होतो आणि काठ एका बाजूला जरी दबला तरी वायू तिकडून आधी निसटून गोळीला तिरकं करतो. पुष्कळ लोक पुढच्या तोंडातून दांडी घालून नळी साफ करतात आणि स्वतःच हा काठ बिघडवतात. दांडी मागून, चेंबरच्या बाजूने, मार्गदर्शक नळी लावून घालावी. आणि .२२ साठी सर्वांत महत्त्वाचं: चेंबरच्या पुढे काजळी, शिसं आणि प्राइमरमधली काचेची पूड मिळून एक कडक कडं जमतं. नुसतं दोरीला कापड बांधून ओढलं तर ते निघत नाही. त्याला सॉल्व्हंट, म्हणजे मळ सोडवणारं द्रावण, लावून मुरू द्यावं लागतं, मग पितळी ब्रश.

एवढं करूनही, दोन-तीन वेगळ्या लॉटच्या प्रत्येकी तीस-चाळीस गोळ्या टेकू देऊन झाडूनही, नेम पसरलेलाच असेल, तर मग नळीचा विचार करा. पाच गोळ्यांचा एक कागद पाहून निर्णय घेऊ नका. पाच गोळ्या नशिबानेही जवळ पडतात.

नवी नळी घेताना

इथे एक चूक फार महाग पडते. “नळीच बदलायची आहे तर मोठंच काडतूस घेऊ” असं वाटतं, पण काडतूस बदलणं हे नुसत्या नळीचं काम नाही. बोल्टचं तोंड पुंगळीच्या बुडाला धरतं. .२२३ चं बूड सुमारे ९.६ मिलिमीटर, .३०८, .२४३, ६ बीआर आणि ६.५ क्रीडमोर यांचं सुमारे १२ मिलिमीटर. म्हणजे .३०८ वाल्या रायफलीला तोच बोल्ट ठेवून यंत्राच्या दृष्टीने ६ बीआरची नळी बसू शकते, .२२३ वाल्याला बोल्टही बदलावा लागतो. रिमफायरची रायफल सेंटरफायर करायच्या भानगडीत पडूच नये. ती तेवढ्या दाबासाठी घडवलेलीच नसते. आणि परवान्यावर बोअर लिहिलेला असतो. तो बदलायचा तर आधी कागद बदलतो, मग लोखंड.

कायद्याच्या नजरेत नळी हा सुटा भाग नाही. शस्त्राचे भागही ‘शस्त्र’च. ती विकत घेणं, आणणं, बसवणं सगळं परवान्याच्या चौकटीत आणि बसवणारा कारागीरही परवानाधारकच हवा. नळी आखूड करायला तर कलम ६ खाली वेगळी परवानगी लागते. गावातला लेथवाला कितीही हुशार असो, मोटारीचा शाफ्ट तो उत्तम करून देतो, पण हे काम त्याला सांगू नका. कायद्याइतकंच कारण सुरक्षेचं आहे. बोल्ट बंद झाल्यावर त्याचं तोंड आणि काडतुसाची टेकण यांतलं अंतर, म्हणजे हेडस्पेस, मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत सांभाळावं लागतं. दार चौकटीत बसावं तसं. कमी असेल तर बोल्ट लागत नाही, जास्त असेल तर पुंगळी आत फाटून वायू नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येऊ शकतो. कारागीर हे ‘गो’ आणि ‘नो-गो’ अशा दोन गेजांनी तपासतो: पहिल्यावर बोल्ट बंद झाला पाहिजे, दुसऱ्यावर होता कामा नये. तो तपास आपल्या डोळ्यांसमोर करायला सांगा.

बाकीच्या निवडी सोप्या आहेत. पोलाद स्टेनलेस की क्रोम-मॉली, यावर लोक खूप वाद घालतात. आपल्या पावसाळ्यातल्या दमट महिन्यांसाठी मी स्टेनलेस घेईन, एवढंच. .२२ ला लांबीने वेग मिळत नाही. दारू सोळा-अठरा इंचांतच जळून जाते, त्यापुढची लांबी वजन आणि पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर वाढवते, ज्याचा स्थिरपणासाठी उपयोग आहे. चेंबर ‘मॅच’ प्रकारचा, म्हणजे स्पर्धेसाठी घट्ट मापाचा, असेल तर बोल्ट बंद करतानाच गोळी खाचांना टेकते आणि मधोमध राहते, पण मग न झाडलेलं काडतूस काढताना जपावं लागतं. नळी रायफलीला आट्यांनी बसते, की पिनांनी, की पकडीच्या स्क्रूंनी, हे आपल्या मॉडेलप्रमाणे आधी विचारून घ्या. पिनांनी बसलेली जुनी नळी काढणं कारागिराला जास्त अवघड जातं.

नवी नळी आली की तिच्यासाठी काडतूस पुन्हा शोधावं लागतं, जुन्या नळीची आवड नवीला लागू होत नाही. चार-पाच लॉटचे एकेक-दोन डबे घ्या. लॉट बदलला की पहिल्या वीसेक गोळ्या मोजू नका, कारण नळीत आधीच्या गोळीचं मेण असतं आणि नव्याचं बसायला वेळ लागतो. मग दहा-दहाचे चार कागद, वारा पडलेल्या सकाळी. ज्या लॉटचा सर्वांत वाईट कागद बाकीच्यांच्या वाईट कागदापेक्षा बरा, तो घ्या, आणि परवान्यात जेवढी मुभा आहे तेवढा एकदम घ्या. परदेशात मोठ्या काडतूस कंपन्या यासाठी स्वतःच्या चाचणी रेंज चालवतात. नेमबाज तिथे रायफल नेतात, ती शिकंज्यात धरून लॉटमागून लॉट झाडले जातात. आपण ते टेकूवर, हाताने आणि वहीच्या मदतीने करतो.

त्या पोराला मी हे सगळं त्याच दिवशी सांगितलं नाही. रविवारी रेंजवर बोलावलं. आधी स्क्रू पाहिले, ठीक होते. तोंडाचा काठ भिंगातून पाहिला, स्वच्छ होता. मग बोल्ट काढून मागून दांडी घातली, तर चेंबरच्या पुढे ती स्पष्ट अडकली. दोन वर्षं त्याने फक्त दोरी ओढली होती. सॉल्व्हंट लावून आम्ही चहा घेतला, ब्रश फिरवला, पुन्हा लावला. तिसऱ्या खेपेला कापडावर काळं कडं तुकड्यातुकड्यांनी आलं. त्याने वीस गोळ्या नळी बसायला झाडल्या आणि पुढच्या दहा कागदावर. दहापैकी नऊ नाण्याखाली झाकल्या गेल्या.

“आन् हे दहावी?” त्याने विचारलं.

“हे तुही हाये,” मी म्हटलं, “नळीची नाई. घोडा वढला तू.”

त्याने खिशातून नवी वही काढली आणि पहिल्या पानावर तारीख, तापमान, वारा आणि डब्यावरचा लॉट नंबर लिहिला.